घरचा फोन आणि मुलांची नजर

मुलांच्या नजरेस पडू नयेत अशा ऑनलाइन गोष्टींचा विषय निघाला की पालकांच्या मनात आधी अश्लील व्हिडिओ येतात. ते असतातच. पण लहान मुलाची झोप उडवणाऱ्या गोष्टींची यादी त्याहून बरीच लांब आहे. अपघातात चिरडलेली माणसे, जमावाची मारहाण, प्राण्यांचा छळ, आत्महत्येचे चित्रण, वर्गातल्याच एखाद्या मुलीच्या फोटोची केलेली विटंबना, हे सगळे त्यात येते. यातला मोठा भाग कुठल्याशा अज्ञात संकेतस्थळावरून येत नाही. तो घरच्याच फोनवर, ओळखीच्या नंबरावरून, 'सुप्रभात'च्या फुलांपाठोपाठ येतो.

पनवेलमध्ये हे फार जवळून पाहता येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होतो आणि कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलपासून निघतो. या रस्त्यांवर अपघात झाला की मदतीला धावणाऱ्यांबरोबर मोबाइल उंचावणारेही असतात आणि जखमींना हलवून होईपर्यंत क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर आलेली असते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला. जमिनीवर निपचित पडलेल्या माणसांची दृश्ये त्यानंतर कितीतरी दिवस फिरत होती. तीन महिन्यांनी, १९ जुलैच्या रात्री, शेजारच्या खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि शोध थांबवावा लागला. या दोन्ही घटना परिसरातल्या मुलांना कळायला हरकत नव्हती. किंबहुना कळायलाच हव्या होत्या, कारण त्यातली काही माणसे कोणाच्या ना कोणाच्या ओळखीची होती. पण घटना कळणे वेगळे आणि तिचे धूसरही न केलेले चित्रण आजोबांच्या फोनमध्ये अचानक समोर येणे वेगळे.

कोणत्या वयात काय बोचते हेही सारखे नसते. चार वर्षांच्या मुलाला पडद्यावरचे आणि पडद्याबाहेरचे जग नीट वेगळे करता येत नाही. तीच दरड बातम्यांत दहा वेळा कोसळताना दाखवली तर त्याच्या लेखी दहा दरडी कोसळतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला दिसते आहे ते खरे आहे हे समजते, आणि म्हणूनच ते मनाशी हिशेब मांडते की बाबा रोज याच रस्त्याने जातात. तेरा-चौदाव्या वर्षी भीती मागे पडते, कुतूहल पुढे येते. मित्रांनी पाहिले ते आपण पाहिले नाही, हे कबूल करणे जड जाते. म्हणून ते मुद्दाम पाहिले जाते, हसण्यावारी नेले जाते आणि त्याचा त्रास पुढे भलत्याच वाटेने बाहेर पडतो. झोप लागत नाही, चिडचिड वाढते, एकटे झोपायला नको वाटते. पालकांना ही लक्षणे दिसतात, पण कारण लक्षात येत नाही.

मुलांना जपण्याच्या कामाचे म्हणून दोन भाग पडतात. अशा गोष्टी मुलापर्यंत कमीत कमी पोचाव्यात हा पहिला. पोचल्याच, तर मुलाने ते घरात कोणाला तरी येऊन सांगावे हा दुसरा. पहिल्या भागासाठी अ‍ॅप मिळतात, सेटिंग्ज मिळतात, शाळेत तज्ज्ञांची व्याख्याने होतात. दुसऱ्यासाठी विकत काही मिळत नाही, त्यामुळे त्याचा विचारही कमी होतो. पहिला बांध कितीही पक्का घातला तरी तो झिरपतोच. दुसरा भाग कच्चा असलेल्या घरात मात्र त्या झिरपण्याचा पत्ताच लागत नाही, आणि खरे नुकसान तिथे होते.

पालकांची भीती बऱ्याचदा चुकीच्या दिशेला तोंड करून उभी असते. २०१७ च्या जुलैअखेरीस अंधेरीत एका १४ वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर 'ब्लू व्हेल' या कथित खेळाचे नाव घरोघरी पोचले. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने गूगल, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आदी कंपन्यांना त्याच्या लिंक काढून टाकायला सांगितले, शाळांनी परिपत्रके काढली. जानेवारी २०१८ मध्ये मात्र सरकारलाच संसदेत सांगावे लागले की तपासलेल्या मृत्यूंपैकी एकाचाही त्या खेळाशी संबंध सिद्ध झालेला नाही. त्याच वर्षी 'मोमो' आली. विस्फारलेल्या डोळ्यांचा तो चेहरा जपानी कलाकार केइसुके आइसो यांच्या एका शिल्पाचा होता. मुलांना जीव द्यायला लावणारी मोमो कोणालाच सापडली नाही. तिचा चेहरा मुलांनी पाहिला तो मोठ्या माणसांनी एकमेकांना पाठवलेल्या इशाऱ्यांत. सावध करण्याच्या भरात भीती घरपोच केली गेली, आणि ही खोड अजून गेलेली नाही.

या दोन अफवांच्या तुलनेत २०१७ मध्येच उघडकीला आलेला तिसरा प्रकार खरा होता, पण त्याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. एल्सा, स्पायडरमॅन, पेपा पिग अशा मुलांच्या लाडक्या पात्रांना घेऊन केलेले हिंसक आणि बीभत्स व्हिडिओ यूट्यूबवर लाखोंनी पाहिले जात होते. जेम्स ब्रायडल या ब्रिटिश लेखकाने त्या नोव्हेंबरमध्ये त्यावर दीर्घ लेख लिहिला आणि यूट्यूबला असे पुष्कळ व्हिडिओ व वाहिन्या काढाव्या लागल्या. कोणी राक्षस मुलांना फूस लावत बसला होता, असे त्यात नव्हते. मुले काय शोधतात ते शब्द शीर्षकात कोंबायचे, ओळखीचे पात्र चित्रावर लावायचे आणि जाहिरातीचे पैसे मिळवायचे, एवढाच तो धंदा होता. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू करण्याची सोय बाकीचे काम करत होती. जेवण भरवताना लावलेले बडबडगीत दहाव्या मिनिटाला भलतीकडे पोचते ते याच रस्त्याने. आपोआप पुढे जाणारे ऑटोप्ले बंद करणे ही घरातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित खबरदारी आहे.

नियंत्रणाची बहुतेक साधने एक मूल, एक फोन आणि एक खाते असे गृहीत धरून घडवलेली आहेत. ती जिथे तयार होतात तिथे ते गृहीतक चालतही असेल. पनवेल, कामोठे, खांदा कॉलनीतल्या घरांत ते कोसळते. हार्बर मार्गाने पनवेलहून सीएसएमटी गाठायला सुमारे ८० मिनिटे लागतात. आई-वडील दोघेही नोकरीला जात असतील तर घरी यायला रात्रीचे आठ वाजतात. शाळा सुटल्यापासून तोवर मूल आजी-आजोबांकडे असते, शेजारच्या काकूंकडे असते किंवा किल्ली गळ्यात अडकवून एकटे. हातातला फोन आजोबांचा, त्यावरचे खाते आजोबांचे, आणि कंपनीच्या लेखी तो पाहणारा माणूस सत्तरीचा. 'असर' या ग्रामीण शिक्षण पाहणीच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पण त्यांच्यात स्वतःचा फोन असलेली मुले १४ व्या वर्षी २७ टक्के आणि १६ व्या वर्षी सुमारे ३८ टक्केच होती. म्हणजे बहुतेक मुले दुसऱ्याचा फोन वापरतात. कर्नाळ्याच्या आसपासच्या आदिवासी वाड्यांत एका फोनवर सगळे कुटुंब असते, तिथे तर मुलाचे वेगळे खाते हा शब्दप्रयोगच परका आहे.

मोठ्यांच्या फोनचीच साफसफाई आधी करायला हवी ती म्हणून. पाच वर्षांची नात आजोबांच्या फोनची गॅलरी उघडते, कारण तिला स्वतःच्या वाढदिवसाचे फोटो पाहायचे असतात. केकच्या फोटोशेजारच्या चौकटीत पहाटे कोणत्या तरी ग्रुपवर आलेली अपघाताची क्लिप असते. आजोबांनी ती उघडलेलीही नसते. फोनने ती परस्पर उतरवून घेऊन ठेवलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणे बंद करता येते, आणि 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केली की नव्याने आलेले काही गॅलरीत दिसत नाही. दोन्हींना मिळून पाच मिनिटे लागत नाहीत. कुठल्याही विकतच्या अ‍ॅपपेक्षा या दोन बदलांचा उपयोग अशा घरात अधिक आहे, असे म्हणायला हरकत नाही.

त्यापुढची साधनेही फुकट आहेत. अँड्रॉइडमध्ये एकच अ‍ॅप पडद्यावर खिळवून ठेवता येते आणि पिन टाकल्याशिवाय मुलाला त्यातून बाहेर पडता येत नाही. आयफोनमध्ये हेच काम 'गाइडेड अ‍ॅक्सेस' करते. यूट्यूब किड्स भारतात २०१६ पासून आहे. त्यात केवळ पालकांनी निवडलेल्याच वाहिन्या दिसाव्यात अशी सोय आहे, आणि ती लावली की शोधायची खिडकी नाहीशी होते. घरच्या वायफायच्या राउटरमध्ये क्लाउडफ्लेअरच्या कौटुंबिक सेवेचा १.१.१.३ हा पत्ता घातला तर ज्ञात अश्लील संकेतस्थळे उघडत नाहीत. मात्र इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या आत काय येते त्यावर याचा काडीचा परिणाम होत नाही, आणि मोबाइल डेटा सुरू केला की राउटर बाजूलाच राहतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवरच्या कार्यक्रमांना ७, १३, १६ आणि प्रौढ अशी वयाची पातळी लावावी लागते, तसेच १३ आणि त्यावरच्या पातळ्यांसाठी कुलपाची सोय द्यावी लागते. ते कुलूप बंद करण्याचे कष्ट घेतलेली घरे किती, हा प्रश्न सोसायटीच्या बैठकीत विचारून पाहण्याजोगा आहे.

फोनच नको, हा उपाय पुष्कळांना सुचतो. महाराष्ट्रात तो सामूहिकरीत्या करून पाहिला गेला आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद, मुलांनी पुस्तके उघडायची आणि साडेआठला दुसरा भोंगा. मुले करोनाच्या टाळेबंदीत मोबाइलला चिकटली आणि शाळा उघडल्यावरही सुटेनात, यावर सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी शोधलेला हा तोडगा होता. त्यातली खरी ताकद भोंग्यात नाही. सातच्या मालिका पाहणाऱ्या आयांनी आणि फोनवर रमणाऱ्या बापांनीही पडदा बंद केला, यात ती आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीच केली आणि मोडणाऱ्याला २०० रुपये दंड ठेवला. दोन्ही गावांचा हेतू एकच, पण जातकुळी वेगळी. वडगावात मोठे मुलांबरोबर थांबतात, बांशीत मोठे मुलांना थांबवतात.

शहरात यातले काहीही जसेच्या तसे चालणार नाही. मार्च २०२० पासून शाळांनीच फोन मुलांच्या हाती दिला आणि शाळा भरू लागल्यावरही गृहपाठ, सूचना, क्लासच्या नोट्स व्हॉट्सअ‍ॅपवरच राहिल्या. ज्या वस्तूशिवाय अभ्यास होत नाही तिच्यावर बंदी घातली तर मूल खोटे बोलायला शिकते, एवढेच होते. शिवाय भोंगा वेळ मोजतो, आशय मोजत नाही. दिवसाला दहा मिनिटेच फोन मिळणाऱ्या मुलालाही नको ते दिसायला दहा सेकंद पुरतात.

आता दुसऱ्या भागाकडे. मूल घरी सांगत का नाही? बहुतेक घरांत त्याचे उत्तर पालकांनीच आधी देऊन ठेवलेले असते: 'असलं काही पाहिलंस तर फोन काढून घेईन.' मुलाच्या दृष्टीने हा साधा व्यवहार आहे. सांगितले तर फोन जाईल, मित्र जातील, ओरडा बसेल. गप्प राहिले तर निदान फोन राहील. मुलगी असेल तर हिशेब आणखी कठोर होतो, कारण तिचा फोनच नव्हे, कधी कधी क्लास आणि मैत्रिणीकडे जाणेही बंद होते. फोटोच्या धमकीने पैसे उकळणारे याच गप्प बसण्यावर जगतात. त्यांची अर्धी धमकी 'तुझ्या घरी सांगेन' हीच असते. घरी सांगितल्याने काही बिघडणार नाही हे मुलाला पक्के ठाऊक असेल तर त्या धमकीत उरते काय?

पालकांनी हमी द्यायची ती नेमकी याची, आणि ती प्रसंग येण्याआधी द्यायची. नजरचुकीने दिसले असो की मुद्दाम शोधले असो, सांगितले म्हणून फोन जाणार नाही आणि ओरडाही बसणार नाही, असे स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. प्रसंग आल्यावर पहिली दोन मिनिटे महत्त्वाची. 'तू ते उघडलंसच कशाला' या प्रश्नाने संवाद तिथेच संपतो. काय दिसले, कोणी पाठवले, अजून कोणाला आले, हे शांतपणे विचारले की मूल मोकळे होते. लहान मुलाला ते दृश्य खरे होते की खोटे, आपल्या घराला त्यापासून धोका आहे का, एवढेच हवे असते. त्याचे खरे आणि छोटे उत्तर द्यावे. मोठ्या मुलाला उपदेश नको असतो, पण मोठ्यांनाही असे पाहून त्रास होतो हे ऐकून त्याला बरे वाटते. चार-सहा आठवडे उलटूनही झोप, जेवण, शाळा रुळावर येत नसेल तर बालरोगतज्ज्ञाच्या किंवा समुपदेशकाच्या कानावर घालण्यात कमीपणा नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. रात्री आठला घरी येऊन स्वयंपाक करणाऱ्या आईवर आता इंटरनेटच्या पहाऱ्याची आणखी एक पाळी टाकायची का? पालकांचे प्रबोधन या नावाखाली खरोखर हेच घडते. ज्यांनी पडदा घडवला आणि त्यातून पैसा कमावला त्यांच्याकडे बोट न दाखवता दोष घरावर ढकलला जातो. जगभर हवा हळूहळू बदलते आहे. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देण्याची जबाबदारी १० डिसेंबर २०२५ पासून कंपन्यांवर टाकली आणि दंड ठेवला तोही कंपन्यांनाच. मुलांना किंवा पालकांना नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती सक्तीची केली. मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवायलाही त्याने मनाई केली. इन्स्टाग्रामने किशोरांसाठी आपोआप खासगी राहणारी खाती २०२५ मध्ये भारतात आणली. पण यातले बरेचसे मुलाने खरे वय सांगण्यावर उभे आहे, आणि आजोबांच्या खात्यावरून पाहणाऱ्या नातीला यातले काहीच लागू पडत नाही. कंपनीला कायद्याने वठणीवर आणणे आणि घरात सेटिंग बदलणे ही दोन्ही कामे एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. घरातल्या कामाचा वाटा निदान वडिलांनी उचलावा, शाळेने सूचना पाठवायला मुलाच्या हाती फोन लागणार नाही असा दुसरा मार्ग ठेवावा, आणि सोसायटीच्या ग्रुपवर मृतदेहाची क्लिप टाकणाऱ्याला ॲडमिनने बाहेरचा रस्ता दाखवावा, एवढी अपेक्षा मात्र जास्तीची नाही.

आशय मुलांच्या लैंगिक शोषणाचा असेल तर नियम अगदी वेगळे होतात, आणि तिथे भल्या हेतूने केलेली चूकही महागात पडते. अशी क्लिप हाती आली की 'बघा, काय चालले आहे' म्हणून वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर टाकणे हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पोक्सो कायद्याच्या कलम १५ खाली ती जवळ बाळगण्यावरही शिक्षा आहे, आणि २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कडक अर्थाने वाचले. पुरावा म्हणून कोणाला पाठवायची नाही. कोणत्या नंबरावरून, कधी, कोणत्या ग्रुपवर आली ते टिपून ठेवायचे आणि तक्रार करायची. अशा गुन्ह्याची माहिती असून पोलिसांना न कळवणे हाही पोक्सोच्या कलम १९ आणि २१ प्रमाणे गुन्हा ठरतो. न कळवल्याबद्दल मुलाला शिक्षा नाही, मोठ्या माणसाला आहे.

तक्रार केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही करता येते. पैशांची फसवणूक किंवा खंडणी असेल तर १९३०, मूल संकटात असेल तर १०९८. ही चाइल्डलाइन १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या प्रयोगातून सुरू झाली होती. मुंबईच्या 'प्रेरणा' संस्थेच्या 'आरंभ इंडिया' उपक्रमाने ब्रिटनच्या इंटरनेट वॉच फाउंडेशनबरोबर सप्टेंबर २०१६ मध्ये अशी चित्रे हटवण्यासाठी देशातली पहिली हॉटलाइन उघडली. मुलाने स्वतःचाच फोटो कोणाला पाठवला असेल आणि तो पसरण्याची भीती असेल, तर 'टेक इट डाउन' ही अमेरिकी संस्थेची मोफत सेवा आहे. फोटो त्यासाठी फोनबाहेर जात नाही. त्याची केवळ एक अंकखूण तयार होते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून तो अडवतात. पनवेल शहर रायगड जिल्ह्यात असले तरी पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे आहेत. पण हद्दीच्या कारणाने परत पाठवण्याची मुभा कुठल्याच ठाण्याला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घेण्याचे बंधन आहे.

ठाण्याची पायरी चढायची म्हणून बरेच पालक मागे हटतात, पण मुलाला तिथे नेण्याची सक्ती नाही. पोक्सोच्या कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी नोंदवायचा असतो. तो शक्यतो उपनिरीक्षकाहून खालच्या दर्जाची नसलेली महिला अधिकारी घेते, आणि तेव्हा तिने गणवेश घातलेला चालत नाही. आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेली कोणीही व्यक्ती त्या वेळी जवळ बसू शकते. मुलाला रात्री ठाण्यात थांबवून घेता येत नाही, आणि त्याचे नाव, शाळा, पत्ता किंवा ओळख पटेल असे काहीही छापायला कलम २३ ने मनाई केली आहे.